शिट्टी झाल्याशिवाय नाही

निवेसचा चेहरा गावात फारसा कुणाला ठाऊक नव्हता, आवाज मात्र सगळ्यांना ठाऊक होता. तोर्रे सालीनाच्या सात किलोमीटर लांब किनाऱ्यावर दर शंभर पावलांवर एक खांब होता, खांबावर कर्णा होता, आणि त्या कर्ण्यांतून ती चौतीस उन्हाळे बोलत आली होती. सकाळी समुद्राच्या पाण्याचं तापमान, मग सर्कशीच्या आणि सरबतांच्या जाहिराती, आणि मधूनमधून हरवलेली पोरं. पावाच्या दुकानात तिनं तोंड उघडलं की रांगेतल्या बायका वळून बघायच्या, आणि त्यांचा हात आपसूक आपल्या लेकराच्या खांद्यावर जायचा.

"तुझा आवाज आला की पोर मांडीवर बसलेलं असलं तरी आया मोजायला लागतात," असं ग्वाल्तिएरो म्हणायचा. एक्केचाळीस नंबरचा किनारा त्याचा. त्याच्या छत्र्या, त्याच्या खुर्च्या, आणि बुडणाऱ्याला काढायलाही तोच. निवेसचं लाकडी खोपटं त्याच्याच हद्दीत, शॉवरच्या मागं होतं. तिथं माइक, टेलिफोन, एक पंखा आणि सापडलेल्या पोरांसाठी एक उंच स्टूल, एवढाच संसार. पोर रडत आलं की निवेस त्याला स्टुलावर बसवायची, हातात पीच द्यायची, आणि मग कर्ण्यातून सांगायची: लाल चड्डी, नाव माउरो, वय पाच, आईनं एक्केचाळीस नंबरवर यावं.

दुपारी एक ते साडेतीन कर्णे बंद. लोक जेवून छत्रीखाली आडवे होत, म्हणून नगरपालिकेचाच तसा नियम होता. त्या वेळात फक्त पोर हरवलं तरच बोलायचं.

ऑगस्टातल्या त्या बुधवारी सव्वाला निवेस डब्यातला थंड भात खात होती, तेव्हा दारात ब्रुना लानफ्रांकी उभी राहिली. अनवाणी. निवेसला आधी ते पायच दिसले, कारण ब्रुनाला अनवाणी कुणी कधी पाहिलं नव्हतं. मांतोव्याची ही बाई वाळूतसुद्धा टाचेच्या सपाता घालायची आणि केस असे बसवलेले असायचे की वाऱ्यानंही परवानगी मागावी. आज ते एका बाजूनं सुटले होते.

"निवेस, ओत्तोरीनो इकडं आला होता का?"

"नाही आले, सिन्योरा. का हो?"

"काही नाही. पाय धुवायला गेला होता." ती शॉवरकडं बघत राहिली. "पाऊण तास झाला."

लानफ्रांकी नवराबायको सत्तावीस वर्षं याच किनाऱ्यावर येत होती. तिसरी रांग, चौदा नंबरची छत्री. ओत्तोरीनो न्हावी होता, आता म्हातारपणी दुकान विकून बसलेला. सुट्टीवर असला तरी त्याचा हात स्वस्थ नसायचा. शेजारच्या छत्रीतल्या माणसाच्या मानेवरचे केस वाढलेले दिसले की तो कात्री काढायचा, आणि संध्याकाळी सहाला त्याच्या खुर्चीमागं तीन-चार गिऱ्हाइकं उभी असायची, फुकट. पैशाची गोष्ट काढली तर म्हणायचा, "समुद्र तुमचा नाही आणि कात्री माझी आहे, मग भांडायचं कशाला?" बायकोचे केस रोज सकाळी तोच बसवायचा.

यंदा कात्री निघाली नव्हती. यंदा पत्त्यांच्या डावात तो पान हातात धरून बराच वेळ बघत बसायचा, आणि समोरचे तिघं कधी नाही ते शहाण्यासारखे गप्प राहायचे. डोळ्याला त्रास आहे, चष्मा बदलायचाय, असं ब्रुना सगळ्यांना सांगत होती.

"मी घोषणा करते," असं म्हणत निवेसनं डबा बाजूला सारला.

"नको."

"सिन्योरा, बाहेर ऊन बघा."

"नको म्हणते ना. तो काय चड्डीतलं पोर आहे? अख्ख्या किनाऱ्याला कळू द्यायचं की लानफ्रांकी हरवला? याच माणसांच्या दाढ्या केल्यात त्यानं." ब्रुनाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तो परत येईल. मी फक्त विचारायला आले होते."

पण ती गेली नाही. दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी राहिली.

मग निवेस बोलली. गेलं वर्षभर जे सांगायचं राहून गेलं होतं ते तिनं सांगितलं. गेल्या ऑगस्टात असाच एकदा दुपारी ओत्तोरीनो खोपट्याशी आला होता. टोपी काढून, अदबीनं, त्यानं तिला विचारलं होतं की चौदा नंबर कुठं आला. ती काही न बोलता त्याचा हात धरून त्याला तिसऱ्या रांगेपर्यंत सोडून आली होती. ब्रुना तेव्हा विणत होती. निवेस तिला "नमस्कार सिन्योरा" म्हणाली आणि परत फिरली.

"मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडणं हाच माझा धंदा, आणि नेमकं तेव्हा उघडलं नाही."

ब्रुना स्टुलावर बसली. हरवलेल्या पोरांच्या स्टुलावर आपण बसलो हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

"तुम्ही सांगितलं असतं तर मी तुमच्याशी भांडले असते," ती म्हणाली. "मला तीन वर्षांपासून माहीत आहे. घरी मी बाहेरून कुलूप लावते. इथं कसं लावणार? इथं भिंतच नाही."

निवेसनं टेलिफोन उचलला. कर्ण्यांचा ठेका ज्यांच्याकडं होता ते बाल्दात्सी साहेब गावातल्या कचेरीत जेवत होते. त्यांनी घास गिळून ऐकलं आणि सांगितलं की हरवलेल्या मोठ्या माणसांचं काम पोलिसांचं, कर्ण्यांचं नाही. शांततेची वेळ मोडली तर नगरपालिका त्यांच्या नावानं शिमगा करील. साडेतीनला काय ते बघू.

"साडेतीनपर्यंत म्हातारा माणूस उन्हात भाजून निघेल, साहेब."

"निवेस, तू चौतीस वर्षांत कधी नियम मोडला नाहीस."

"नाही मोडला," निवेस म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती ब्रुनाकडं वळली. "मी त्यांना हरवलेले म्हणणार नाही. तुमच्या मनाला लागेल असं एक अक्षर बोलणार नाही. बोलू?"

ब्रुनानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते नीट कळलं नाही, पण निवेसनं हो धरलं आणि बटण दाबलं.

दुपारच्या त्या सुस्तीत कर्णे खरखरले, तशी सात किलोमीटरवरची माणसं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाली. बायका उठून पोरं मोजायला लागल्या. आणि मग तो रोजचाच आवाज आला, जरा हळू:

"मांतोव्याचे न्हावी ओत्तोरीनो लानफ्रांकी यांची एक्केचाळीस नंबरवर गिऱ्हाइकं वाट बघत आहेत. पांढरा सदरा, निळी पँट, डोक्यावर गवती टोपी. ते कुणाच्या शेजारी बसलेले असतील तर त्यांना कृपया थंड पाणी द्यावं आणि आमच्याकडं निरोप धाडावा. घाई नाही. आम्ही थांबलो आहोत."

तिनं ते पुन्हा एकदा वाचल्यासारखं सांगितलं. मग बटण सोडलं.

बाहेर पहिल्यांदा चष्म्यांचा दुकानवाला बेरार्दी उठला. तिसऱ्या रांगेतला, पत्त्यांतला गडी. त्यानं सदरा चढवला आणि कुणाशी न बोलता उत्तरेकडं चालायला लागला. मग बोलोन्याच्या दोघी बहिणी उठल्या आणि त्या दक्षिणेकडं गेल्या. ग्वाल्तिएरोनं होडी पाण्यात ढकलली. बघता बघता चौथी रांग, पाचवी रांग, शेजारचा बेचाळीस नंबर, सगळीकडं माणसं झोपेतून उठून कपाळावर हात धरून उन्हात बघत उभी राहिली. एकानंही चौकशी केली नाही की न्हाव्याला शोधायचं तर एवढी माणसं कशाला. ब्रुना दारातून हे बघत होती.

"म्हणजे सगळ्यांना माहीतच होतं," ती म्हणाली.

निवेसनं टेलिफोन जवळ ओढला.

वीस मिनिटं गेली. पंचवीस गेली. टेलिफोन वाजला तो पार उत्तरेच्या टोकाकडून, शेवटच्या किनाऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून. बोलत होता नारळाच्या फोडी विकणारा साल्वो.

"निवेस, तुझा न्हावी इथं आहे. जुन्या कोलोनियाच्या पायऱ्यांवर. पाणी दिलं मी, प्यायला. पण हलायला तयार नाही."

"तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत. पण सदरा-पँट काढून ठेवलीय, चड्डी-बनियनवर बसलाय. चला म्हटलं तर म्हणतो, शिट्टी झाल्याशिवाय नाही."

निवेसनं फोन ठेवला आणि साल्वोचा निरोप ब्रुनाला सांगितला. मग तिनं विचारलं, "सिन्योरा, तुमचे यजमान लहानपणी कोलोनियात होते का?"

"कुठली कोलोनिया? छे. त्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो माझ्याबरोबर, लग्नानंतर. त्यानंच सांगितलंय मला."

गावाच्या उत्तर टोकाला कोलोनियाची, म्हणजे पोरांच्या उन्हाळी वसतिगृहाची, ती इमारत अजून उभी होती. चार मजले, फुटलेल्या काचा, अंगणात गुडघाभर गवत. ब्रुनानं ती सत्तावीस वर्षं गाडीतून येताजाता पाहिली होती. निवेसची आई तिथं स्वयंपाकघरात कामाला होती, म्हणून निवेसला तिथली रीत पाठ होती. गरिबांची अशक्त पोरं महिनाभर आणायची, डोकी भादरायची, पांढऱ्या टोप्या द्यायच्या. कपड्यांची चौकोनी घडी करून पायरीवर बसायचं. बाईंनी शिट्टी मारली की आपल्या गटानं पाण्यात जायचं, दहा मिनिटांनी दुसरी शिट्टी, की बाहेर. शिट्टीआधी कुणी पाण्याला पाय लावला तर अख्ख्या गटाचं समुद्रात जाणं आठवडाभर बंद.

निवेसनं हे सांगितलं तेव्हा ब्रुनाचा चेहरा असा झाला, जणू कुणी परक्या माणसाबद्दल बोलतंय.

होडी काठाला लावून ग्वाल्तिएरोनं चार चाकांची पायडलची गाडी काढली, तीच जी संध्याकाळी पाहुणे भाड्यानं फिरवतात. पुढं तो आणि निवेस पायडल मारायला, मागं ब्रुना, मांडीवर नवऱ्याचा टॉवेल घेऊन. वाटेत ग्वाल्तिएरो धापा टाकत म्हणाला, "निवेस, तू मारतेयस की नुसते पाय फिरवतेयस?"

"तू गप बस आणि पुढं बघ. पोट कुणाचं ओढतेय मी?"

मागून ब्रुना हसली की रडली ते वाऱ्यात कळलं नाही.

ओत्तोरीनो सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. शेजारी सदरा आणि पँट अशी घडी करून ठेवली होती की पट्टीनं मोजावी, त्यावर टोपी, आणि खाली बूट, टाचेला टाच लावून. साल्वो नारळाची बादली घेऊन त्याच्यावर सावली पडेल असा उभा होता. पन्नास पावलांवर समुद्र होता, शांत, दुपारचा.

"ओत्तोरीनो," ब्रुना म्हणाली, "ऊठ. घरी चल. हे काय चालवलंयस?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं, सभ्यपणे, आणि पुन्हा समुद्राकडं पाहायला लागला. तिनं दंड धरला तेव्हा त्यानं तो हलकेच सोडवून घेतला. "नको बाई. माझ्यामुळं सगळ्या गटाला शिक्षा होईल."

ब्रुना निवेसकडं वळली. तिच्या डोळ्यांत आता राग उरला नव्हता, लाज उरली नव्हती. पुढं काय करायचं एवढंच ती विचारत होती.

निवेस पुढं झाली. "ओत्तोरीनो लानफ्रांकी."

तिचा आवाज ऐकताच म्हातारा उभा राहिला. "हजर," तो म्हणाला. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "बाई, आमच्या गटाची पाळी आज येणार ना? काल वारा होता म्हणून नाही आली."

त्याला काय सांगावं हे निवेसला कुणी शिकवलं नव्हतं. पोरांना ती सांगायची की आई येतेय, आणि आई यायचीच. इथं तसं सांगण्यासारखं काही नव्हतं. तिनं मागं हात केला. ग्वाल्तिएरोनं गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. ब्रुना म्हणाली, "अहो, त्याला पोहता येत नाही."

"मी आहे ना, सिन्योरा," ग्वाल्तिएरो म्हणाला. "तिथं कमरेपेक्षा वर पाणी नाही."

निवेसनं शिट्टी मारली.

ओत्तोरीनो धावला. बहात्तर वर्षांचं शरीर जेवढं धावेल तेवढं, कोपरं अंगाशी धरून, आणि पाण्यापाशी पोचल्यावर थबकला. त्यानं उजवा हात बाजूला काढला, तळवा उघडा, कुणीतरी तो धरायचा असल्यासारखा. तिथं दोघादोघांनी हात धरून आत जायची पद्धत होती. निवेस सांगणारच होती, पण तोवर ब्रुना निघाली होती. ज्या बाईनं सत्तावीस वर्षांत घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं, ती फुलाफुलांच्या झग्यासकट त्याच्याशेजारी गेली आणि तिनं तो हात धरला.

दोघं आत गेली. झगा फुगून वर आला, तिनं तो एकदा दाबला, मग सोडून दिला. कमरेइतक्या पाण्यात ओत्तोरीनो खाली बसला आणि वर आला, बसला आणि वर आला. तिलाही ओढून खाली बसवलं. पहिल्यांदा ती पार डोक्यापर्यंत गेली आणि खोकत वर आली. तो हसत होता. काठावर साल्वो, ग्वाल्तिएरो आणि मागाहून धापा टाकत पोचलेला बेरार्दी ओळीनं उभे होते. त्यांच्यात कुणी हसलं नाही.

निवेसनं घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. एकही मिनिट कमी करावं असं तिला वाटेना. मग दुसरी शिट्टी.

ओत्तोरीनो लगेच वळला. काठावर येऊन पायरीकडं चालायला लागला, मधेच थांबला, आणि हातात कुणाचा हात आहे ते बघितलं. मग वर चेहऱ्याकडं. ब्रुनाचे केस कपाळाला चिकटले होते, त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"ब्रुना," तो म्हणाला, "केसांची काय वाट लावलीस गं. चल, बस. कंगवा कुठाय?"

कंगवा बेरार्दीच्या खिशात निघाला. त्या पायरीवर बायकोला बसवून, चड्डी-बनियनवर उभा राहून ओत्तोरीनोनं तिचे केस नीट विंचरले, मधे भांग पाडून, दोन्ही बाजूंनी मागं. हात चुकला नाही. निवेस समुद्राकडं तोंड करून उभी राहिली, कारण पाठ फिरवणं तेवढं तिच्या हातात होतं.

बाल्दात्सी साहेबांचं पत्र शुक्रवारी आलं. समज देण्यात येत आहे, वगैरे. ग्वाल्तिएरोनं ते वाचून दाखवायला मागितलं आणि साहेबांच्या आवाजात असं वाचलं की बोलोन्याच्या बहिणींना ठसका लागला. नगरपालिकेकडून मात्र तक्रार म्हणून एक चिठ्ठीही आली नाही.

ब्रुनानं डोळ्यांचं आणि चष्म्याचं सांगणं सोडून दिलं. बुधवारीच संध्याकाळी ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली आणि जे आहे ते तीन वाक्यांत सांगितलं. कुणी हळहळलं नाही, हे बरं झालं. बेरार्दी एवढंच म्हणाला, "दुपारी एक ते दोन मी त्याच्याबरोबर बसतो. मला नाहीतरी झोप येत नाही." दोन ते तीन बोलोन्याच्या थोरल्या बहिणीनं घेतले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ब्रुना खुर्चीत आडवी झाली ती तोंड उघडं टाकून घोरायला लागली, आणि जवळच खेळणाऱ्या पोरांना त्यांच्या आयांनी लांब पाठवलं. तीन वर्षांत ती दुपारची झोपली नव्हती.

ओत्तोरीनो बरा झाला नाही. तो आजार बरा होणारा नव्हता. पण त्या पायरीवर काहीतरी सैल झालं होतं खरं. तो आता बोलायचा, आणि बोलायचा तो आठ वर्षांचा होऊन. टोप्या मोजणारी बाई, रात्री रडणारा क्रेमोनाचा पोरगा, पावावर लावलेला जॅम इतका पातळ की त्यातून पावाची भोकं दिसायची. ब्रुना विणता विणता ऐकायची आणि मधेच सुया खाली ठेवायची.

सुट्टी संपली त्या शनिवारी निवेस त्यांना सोडायला स्टेशनवर गेली. कर्ण्यांवर तिनं तासभर ग्वाल्तिएरोच्या बायकोला बसवलं होतं. ओत्तोरीनो खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या माना निरखत होता. ब्रुना दारात उभी होती, टाचेच्या सपाता घालून, केस त्याच मधल्या भांगात.

"पुढच्या वर्षी?" निवेसनं विचारलं.

"पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही, निवेस. उद्याचंही नाही." मग ती खाली वाकली. "काल काय सांगितलं त्यानं, माहीत आहे? कोलोनियातून निघताना यानं बाटली भरून समुद्राचं पाणी नेलं, आईला दाखवायला. त्या माउलीनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं बाटली उजेडात धरली, वास घेतला, म्हणाली छान आहे, आणि संध्याकाळी त्यात मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवला."

"मग?"

"मग काय. मीठ घालावं लागलं नाही म्हणून सगळे खूश. सासूबाईंच्या हाताखाली मी सतरा वर्षं काढली, त्यांनी मला कधी सांगितलं नाही. यानंही अठ्ठेचाळीस वर्षं सांगितलं नाही. गरिबी कळेल म्हणून. आणि मी म्हणत होते, हा माणूस दरवर्षी याच गावाचा हट्ट का धरतो."

गाडी हलली. ब्रुना आत वळली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. निवेसला खिडकीतून दिसलं, तो काहीतरी सांगायला लागला होता, हात बाटलीएवढे करून, आणि ती कालच ऐकलेलं पुन्हा पहिल्यापासून ऐकत होती.